स्रोत : पंचायत समिती

एकोणपन्नासाव्या वर्षी एम.ए.ला बसले. लोकप्रशासन, बहिःस्थ.
चौथा पेपर : सामाजिक संशोधन पद्धती.
पुस्तक कणकवलीहून जुनं आणलं,
आधीच्या कुणीतरी ‘गृहीतक’ या शब्दाखाली
तीनदा रेघ मारलेलं.
आमच्या ऑफिसात त्याला ‘वरून आलंय’ म्हणतात.

वारंग मॅडम फोनवर सांगतात,
नमुना निवडताना आपला हात मध्ये आणायचा नाही.
चिठ्ठी काढली, तीन आला.
तिसरं घर, मग दर सातवं.
खापरबंदरात घरं ओळीत नाहीत, हे पुस्तकाला कुठून कळणार?
एक पाखाडी देवळाकडे चढते, दुसरी होड्यांपाशी संपते,
मध्ये माडाला टेकवलेली कुणाची तरी न्हाणी,
आत चूल पेटलेली.
हे घर धरायचं की नाही?
मी बोटं मोजत उभी,
गोलम्यावरचे कावळे हाकलणारा पोरगा
काठी खाली ठेवून माझ्याकडे बघतो.

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एक तक्ता आहे, दोन पूर्णांक तीन.
खापरबंदर, मच्छीमार कुटुंबे चाळीस,
योजनांबाबत समाधानी : सत्त्याऐंशी टक्के.
स्रोत : पंचायत समिती.
मॅडम खूष. दुय्यम सामग्री भक्कम आहे म्हणाल्या,
आता तुमची प्राथमिक तिच्याशी ताडून पाहा.

तेरा वर्षांपूर्वी अहवाल सोमवारी ओरोसला जायचा होता.
लेकीला गोवर, एस.टी. बंद, साहेब रजेवर.
मतदार यादी पुढ्यात घेऊन स्वयंपाकघरात बसले,
दोन रंगांची पेनं, तीन वळणांचं अक्षर.
पाच जण नाराज ठेवले, खरं वाटावं म्हणून.
एका फॉर्मवर मुद्दाम चहा सांडला.

चोविसावं घर शेवंती कोयंडे.
पडवीत सुंगटं सोलत होती.
कुटुंबप्रमुखाचं नाव?
“माझांच लिव.”
आणि मालक?
“बुडालो. चवदा वर्सां झाली.”
चौदा.
मी पॅडवर तेरा लिहिलं आणि त्याच्याकडे बघत राहिले.
यादीत तो होता. अनुक्रमांक आठवत नाही, नाव आठवतं,
कारण ‘पुंडलिक’मधला ‘ड’ मी डाव्या हाताने काढला होता.

संशोधकाने उत्तरदात्यावर प्रभाव टाकू नये,
पान एकशे बारा.
तरी म्हटलं,
तुमच्या मालकांचं नाव आमच्या कागदात आहे. नंतरचं.
तिने मान वर केली नाही.
“काय म्हणता तो?”
समाधानी, म्हटलं.

एक सुंगट सोललं. डोकं डावीकडच्या ढिगात, अंग टोपात.
मग आणखी एक.
“खयचो समाधानी!
तेका आमटीत मीठसुदा कधी बरोबर लागला नाय.”
आणि हसायला लागली, इतकी
की पोरगा कावळे सोडून धावत आला,
मीही हसले, आणि माझं हसणं तिच्याहून
जरा आधी थांबलं.

तिचं स्वतःचं? एक ते पाच?
“तुका कितीचा गरज आसा?”

रात्री मॅडमना फोन केला.
तक्ता दोन पूर्णांक तीन मी भरलाय, म्हटलं.
म्हणजे संकलित केलात?
नाही. भरलाय.
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाल्या, ‘मर्यादा’मध्ये घाला. एक ओळ. छोटी.

ती ओळ अजून लिहिते आहे.
‘संशोधिका’ म्हणू की ‘मी’, तिथे अडते.
प्रश्नावली चोवीसचा पाचवा प्रश्न कोरा आहे,
समासात मिठाचं वाक्य,
तिने म्हटलं तसंच, निळ्या पेनाने.
कागदाला वास येतो.
फाईलमधल्या बाकीच्या कागदांनाही
आता लागलाय.