रकाना नऊ

पांझरेच्या पुलावरून ऑफिसला येताना
आज मी दोनदा थांबून चप्पल बघितली,
दोन्ही वेळा ती नीटच होती.

फाइल जाड नाही. सतरा पानं.
जागृती, वय पाच, राहणार धुळे.
उजव्या खांद्यामागे उलथण्याची खूण,
डॉक्टरांनी मापून लिहिलेली, सेंटिमीटरमध्ये.
रकाना नऊ:
बालकास कुटुंबात परत पाठवण्यासाठी
कोणते प्रयत्न करण्यात आले?

चार वर्षांपूर्वी हाच रकाना
मी अर्धं पान भरून लिहिला होता,
तिच्या भावाचा. हेमल.
बापाने दारू सोडल्याचा कागद दाखवला,
आईने चूल सारवली होती, नवा पाट मांडला,
वाटीत गूळ-शेंगदाणे.
‘परिस्थिती समाधानकारक’, खाली माझी सही,
तेव्हा मी सही ऐटीत करायचे, शेपूट ओढून.
पोरगा एसटीत खिडकीशी बसून घरी गेला
आणि पोळ्याच्या आधी
ते पान याच फाइलीला जोडलंय, शेवटून दुसरं.

सर म्हणाले, अशा घरासाठी
प्रयत्न केलेच पाहिजेत असं नाही.
पंखा फिरत होता. शाईचा पॅड उन्हाने वाळला होता,
त्यावर त्यांनी थेंबभर पाणी टाकलं.

आई बाहेर बाकावर. हातात डबा.
“ताई, तो ते जेलमा शे. मी एकलीच शे आते.
माले एक डाव दी देखा.”
कळण्याची भाकर आहे म्हणाली, पोरीला आवडते.
तिच्या जबाबात एक ओळ आहे:
‘त्या वेळी मी भाकरी थापत होते.’
दोन्ही वेळच्या जबाबांत तीच ओळ.
तिच्या मनगटावरही खूण आहे, जुनी.
ती मापायला कुणी सांगितलेलं नाही.

काल बालगृहात गेले होते.
जागृती बिस्किट पाण्यात बुडवून खात होती.
मला बघून विचारलं, “माय उनी का?”
नाही म्हटलं, तर मान हलवली
आणि दुसरं बिस्किट घेतलं.
विचारताना ती दाराकडे पाहत होती
की दारामागच्या जागेकडे,
मला अजून सांगता येत नाही.

लिहिलं:
प्रयत्न करण्यात आले नाहीत.
सही लहान आली, शेपूट नसलेली.

बाहेरचं अन्न आत चालत नाही,
हे मी तिला सांगितलं, आणि डबा घेतला.
सव्वाचारला शिपाई विचारून गेला,
मॅडम, हा कुणाचा?