पुढील आठवड्याचे कार्यक्रम

आठवड्याचा तक्ता मी शुक्रवारी टाइप करते,
कारण शुक्रवारी विमान येतं
आणि विमानातून शाई येते, डिझेल येतं,
आलं तर.

एक कागद दुकानाच्या दारावर,
एक दवाखान्यात,
एक चर्चच्या मागच्या भिंतीला, फादरांची नजर चुकवून.
नदीकाठच्या बाकी सहा गावांना कागद पोचत नाही.
त्यांना मी वाचून दाखवते.

सकाळी सहा, हवामान.
वासिली म्हणतो, हवामान कशाला, खिडकी आहे की.
पण खालच्या अंगाला, समुद्राकडे, त्याची बहीण राहते,
आणि तिच्या खिडकीतलं धुकं दुपारपर्यंत
आपल्या खिडकीत येतं.
सहाला तो चहा ढवळायचा थांबतो.

साडेसहा, युपिक बातम्या. वाचणार ओलिंका.
ऐंशीला टेकली, चष्मा दोऱ्याने बांधलेला.
अर्थसंकल्पाला ती अर्थसंकल्प म्हणत नाही,
म्हणते, हिवाळ्याआधी मोजून टांगलेले मासे;
आणि मग सांगते
यंदा राजधानीत कोणी किती उतरवून नेले.

मंगळवारी टीव्हीवर शाळा समितीची सभा, थेट,
साडेतीन तास.
कॅमेरा एक, तिवईचा एक पाय आखूड,
त्यामुळे पाच वर्षं आमची समिती
उतारावर बसून ठराव करते आहे.
शेवटपर्यंत पाहणारी एकच, माझी मावशी.
सभा उठली की तिचा इव्हान खुर्च्या उचलायला येतो.
बारा सेकंद दिसतो.
जाडा झालाय, म्हणते. किंवा, टोपी घातली नव्हती.

बुधवारी देणग्या.
एकाने वीस डॉलर कबूल केले, अकॉर्डियन बंद केलं तर.
दुसऱ्याने चाळीस, चालू ठेवलं तर.
अगाफियाने सुकवलेल्या रावसाची जुडी आणून
टेबलावर ठेवली, पावती मागितली.
अकॉर्डियन चालू आहे.

आणि रोज संध्याकाळी सात वाजता, निरोप.

निकोलाय, तळावर असशील तर ऐक, बॅटरी घरीच राहिली.
एलेनाला मुलगी झाली, साडेसात पौंड,
आजोबांनी होडी हळू आणावी.
ज्याने स्टेशनमागून पेट्रोलचा लाल डबा नेला
त्याने तो परत ठेवावा.
कोण ते आम्हाला माहीत आहे.

हा शेवटचा निरोप मी नऊ आठवडे वाचला.
आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

त्या शुक्रवारी विमान आलं नाही.
शनिवारी रात्री मुलींचा बास्केटबॉल सामना,
दोन गुणांनी मागे, चाळीस सेकंद उरलेले,
आणि जनरेटर दोनदा खोकून गप्प झाला.
दिवा गेला. सुई शून्यावर पडली.
मी तरी माईकसमोर बोलतच होते,
सवयीने, कुणालाही नाही.

इतकी वर्षं मी या भोकात शब्द टाकत आले
आणि पलीकडून कधी हूं की चूं नाही.
त्या रात्री बर्फावर आधी एक दिवा दिसला,
मग चार, मग मोजता येईनात.
स्नोमोबाईल, कुत्री, टॉर्च,
कोणी सूप आणलेलं,
कोणी रागाने दार वाजवत, जिंकलो का, जिंकलो का;
वासिली, पायात दोन वेगळे बूट,
म्हणाला, काही नाही, आवाज थांबला म्हणून आलो.

गर्दी पांगली तेव्हा
पायरीवर लाल डबा होता.
काठोकाठ भरलेला, झाकणावर ताजं बर्फ,
पावलं इतकी की कुणाची म्हणून सांगता येऊ नये.

बावीस मिनिटांनी आम्ही परत हवेत गेलो.
सामना हरलो होतो, एका गुणाने.
तेही सांगितलं.

पुढच्या तक्त्यात फारसा बदल नाही.
सभा आहे, अकॉर्डियन आहे.
निरोपांतून तेवढी एक ओळ काढली.
ओलिंकाने विचारलं, सापडला का चोर?
मी म्हटलं, कसला चोर.