देवघेवीची वही

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
खाली काथ्याचं दुकान आणि वर आमचं वाचनालय.
अकरा नंबरचं कपाट इनास डिमेलोंचं.
म्हणजे पुस्तकं संस्थेचीच,
पण त्यांच्याशिवाय ती कुणी कधी नेली नाहीत:
चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज कवींची, नाटककारांची चरित्रं.

नाटकं नव्हेत. नाटकांना ते हातही लावत नसत.
नवीन होते तेव्हा मी विचारलं, असं का?
"नाटक माका ठावक आसा गो.
दशावतार बगूनच मोठो झालंय मी.
माका तो माणूस होयो,
फाटपटी तोंडाचो रंग पुसून
पेटारो डोक्यार घेवन चलता, तो."

चौतीस वर्षं कस्टममध्ये कारकून.
आधी गलबतं लिहिली, मग ट्रक.
म्हणायचे, बघ, या लोकांचं उरलंय काय?
बाप्तिस्म्याची एक ओळ. थकलेलं कर्ज. कोर्टाचा दंड.
एकाला खानावळीच्या बिलावरून डोळ्यात भोसकलं,
ते कळतं, कारण पंचनामा कुणीतरी नीट लिहिला.
दुसऱ्यानं मृत्युपत्रात बायकोला ठेवली
दुसऱ्या प्रतीची खाट.
"आणि तेवापासून सगळे विद्वान
त्याच खाटेर कुशी बदलतत!"
हसताना त्यांना खोकला यायचा.
मग चष्मा पुसत, अगदी हळू:
"कारकुनांनी वाचवले गो सगळे."

पुस्तकं परत यायची ती सोड्यांचा वास घेऊन.
कपाटाला मी काजूच्या टरफलाचं तेल लावलेलं,
तरी वाळवीआधी मांजरंच यायची.

राण्यांची कामं करणाऱ्या पोरांचं एक प्रकरण आहे,
आवाज फुटला की ज्यांचं राज्य संपायचं.
तिथं एसटीचं एक तिकीट सापडलं मला, खूण म्हणून घातलेलं.
मागे पेन्सिलीनं: बाबल्या हळदणकर.
शिरोड्याची जत्रा. लुगडं निळं.
पुढे काहीतरी लिहून खोडलेलं.
मी ते उजेडाला धरून पाहिलं.
मग पाहिलं नाही.

इनास गेले शिमग्याच्या आदल्या दिवशी.
मुलगा मस्कतहून आला, घर विकून गेला.
इगर्जीच्या वहीत ते इग्नासियो,
पेन्शनच्या कागदावर आय. डिमेलो,
आमच्या रजिस्टरात कधी इनास, कधी इनाझ,
कधी नुसता एक झोका,
समोर तारीख आणि दंड पन्नास पैसे.
वेळेवर पुस्तक त्यांनी एकदाही आणलं नाही.
माणूस म्हणून माझ्याकडे एवढंच आहे,
एवढ्यावर तिकडे चारशे पानं लिहितात.

यंदा कमिटीनं ठराव केला:
पाच वर्षं न फिरलेलं पुस्तक रद्दीत.
चेअरमन अकरा नंबरसमोर उभे राहिले,
वजनाचा अंदाज घेत.

म्हणून आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी
मी एक पुस्तक त्यांच्या नावावर लिहिते.
शिक्का, तारीख, सही.
सही दर वेळी थोडी वेगळी करते,
तशीच ती खरी वाटते.
परत घेताना मुद्दाम चार दिवस उशीर,
आणि दंडाची नाणी माझ्या पाकिटातून.
गुन्हाच आहे हा. कारकुनाचा तर नक्कीच.
पुढेमागे कुणी ही वही उघडली
तर इनास डिमेलो नव्वदी ओलांडूनही वाचत होते
असं छापून येईल.

मधल्या दिवसांत पुस्तक घरी असतं, माझ्या उशाशी.
माझं इंग्रजी ओहोटीतल्या होडीसारखं,
दर दोन शब्दांना तळाला टेकतं.
सध्या त्या पानावर आहे,
शहरात प्लेग, नाटकघरांना कुलूप,
आणि मंडळी गाडीत कपडे भरून
चिखलातनं गावोगाव निघालीत.
गाडीवर ताडपत्री असेल का, पुस्तक सांगत नाही.
रात्री अकराला दिवे जातात.
अजून त्यांना गाव लागलेलं नाही.