सगुण

सगुण मेस्त कानावरची पेन्सिल काढत नाही
तोवर समजावं, जहाज पसंत नाही.

डिसेंबरात गिर्याच्या सड्यावरून
नौदलाची जहाजं दिसतात, करडी, एकामागे एक.
पहिलं बघून म्हणाला, "कपाटां रचल्यानी नुसती."
दुसऱ्याची पिछाडी हेलिकॉप्टरसाठी सपाट कापलेली:
"शेपटी तोडलेलो कुत्रो."
विमानवाहू जहाजाकडे तर त्यानं पाठ केली,
विडी पेटवायला.

त्याचं माप एकच, गुराब.
ती त्यानंही पाहिलेली नाही.
खाली गोदीत, जिथं आता चिखल आणि कुर्ल्या,
पणज्याच्या पणज्यानं म्हणे तिचे वांक बसवले.
लांब, सखल, पुढं झेपावलेली नाळ.
लाट आत आली तर येऊ दे,
तोफेला वाट मोकळी.

मग ते तिरप्या भिंतींचं आलं.
कठडा नाही, कंगोरा नाही,
पाण्यालाच घडी पडल्यासारखं.
मी सांगितलं, रडारवर दिसू नये म्हणून तसं घडवलंय.
"दिसाचाच नाय, तर रूप कित्याक?"
म्हणाला, आणि बघत राहिला
ते दिसेनासं होईपर्यंत.
कानावर पेन्सिल नव्हती.

शिमग्याआधी मोंडकरांचा ट्रॉलर पाण्यात उतरला.
नाळ बोटभर जास्त कललेली.
मोंडकर लाकडाच्या हिशेबावरून भांडत होता.