हरकत नसल्यास

आमच्याकडे मालक नाही.
ब्रेटनीच्या या बंदरात, मासळीबाजाराच्या वर,
जिथे पूर्वी जाळी वाळत घालायचे, तिथे मी बसते.
बाकीचे जिथे असतील तिथे.
भरती-ओहोटीचं गणित करणारा प्रोग्राम
आम्ही अकरा जण सांभाळतो, फुकट.
हवा तो घेतो, उघडून बघतो, बदलतो.

आमची घटना दीड पानाची.
कलम तीन:
ठराव मांडा, बहात्तर तास थांबा,
कुणी हरकत घेतली नाही तर मंजूर.
बाकीच्या कलमांचा अर्थ एकच,
ज्याच्या हाती ससा तो पारधी.

मार्चमध्ये अझेनोरने ठराव मांडला:
तीनशे चाळीस ओळींचं जुनं फंक्शन,
हाताने भरलेल्या नोंदवहीतले आकडे वाचणारं,
काढून टाकू.
कोण लिहितं आता हाताने?
नवे लोक ते बघूनच पळतात.
चिलोएच्या रायेनने होकार दिला.
ग्वेनोले, ज्याने पंचवीस वर्षांपूर्वी
पहिली ओळ लिहिली,
म्हणाला, बरं.
बाकी सगळे गप्प.
मी बहात्तर तास मोजले,
वर चार मिनिटं, सौजन्य म्हणून,
आणि मर्जचं बटण दाबलं.
त्या संध्याकाळी हलकं वाटलं,
माळा झाडल्यावर वाटतं तसं.

सतराव्या दिवशी पेंबा बेटावरून
मकामेचं पत्र आलं.
ना राग, ना उद्गारचिन्ह.
समुद्राखालची केबल तुटली होती, दोन आठवडे.
लाइन आली तेव्हा आधी तुमचं अपडेट आलं,
मग तुमचा ठराव.
धक्क्यावरची नोंदवही इथे हातानेच भरतात.
आधी मामा भरायचा, आता मी.
फलकावर कुठलेतरी भलतेच आकडे लागले
आणि मचवा सुकतीत सापडला:
खारफुटीच्या चिखलात सहा तास,
वर चौदा माणसं, लवंगांची पोती,
आणि एक मास्तरीण, जिने तेवढ्यात
परीक्षेचे सगळे पेपर तपासून टाकले.
कुणाला इजा नाही.
मुलांना मार्क मात्र कमी पडले.

मी हसले.
मग पत्र पुन्हा वाचलं.

सभा तीन तास चालली.
अझेनोर म्हणाली, चूक माझी,
पण कलमही बदला:
गप्प बसलेला आणि निरोपच न पोचलेला
एका मापाने मोजू नका.
ग्वेनोले म्हणाला, सगळ्यांची वाट बघत बसलो
तर नांगरालाच शेवाळ धरेल.
दोघांचंही खरं होतं, तिथेच तर घोडं अडलं.
मग रायेनने विचारलं,
मकामेला मत आहे का?

नव्हतं.
नऊ वर्षं रोज दोनदा पाण्याची उंची पाठवणारा माणूस,
कोडची एक ओळ लिहिलेली नाही,
म्हणून यादीत नाही.

सात बाजूने, तीन विरोधात, एक तटस्थ.
तटस्थ मी.
बटण माझ्या बोटाखाली होतं.
नवं कलम: काहीही काढण्याआधी
वापरणाऱ्याला नावाने विचारा,
उत्तर येईपर्यंत.
ग्वेनोलेने विरोधात मत दिलं
आणि मग मसुद्याचं शुद्धलेखन तपासून दिलं.
फंक्शन अझेनोरनेच परत आणलं, दोन रात्री जागून.
आता ते तीनशे एकोणनव्वद ओळींचं आहे.

मकामे आमच्यातला बारावा.
त्याची पहिली हरकत माझ्याच ठरावावर होती.

आज उधाण.
प्रोग्रामच्या हिशेबाने पाणी
तिसऱ्या पायरीला चार-दहाला लागायचं.
लागलं चार-सातला. मी बघत होते,
चपला हातात घेऊन.
वर येऊन दोष नोंदवला:
क्रमांक दोन हजार एकशे आठ.
कोण बघणार, या रकान्यात
अजून कुणाचं नाव नाही.