वीस सेकंद जास्त

गोबनेट टेबलावर सहा पेले मांडते,
तीन त्याच्या गावचे, तीन तिच्या.
मधे पाण्याचा तांब्याएवढा जग, ड्रॉपर,
सोडा ब्रेडचे तुकडे, जीभ कोरी करायला.
बाहेर कॉर्कचा किनारा, वखारीच्या पत्र्यावर वारा.
आत लोवेल टॅकेट, केंटकीचा पिंपकार,
निवृत्त, डाव्या कानाने ठार बहिरा,
चाळीस वर्षं लोखंडी कड्यांवर हातोडा मारून.

"आधी तुझं," ती म्हणते. "पाहुण्याची बाटली आधी."

बर्बन दार वाजवत नाही.
सरळ आत येतं, खुर्ची ओढून बसतं:
मका, करपवलेली साखर, व्हॅनिला,
मग तबेल्यात टांगलेल्या खोगिराचा वास.
"मोठ्याने बोलतं हे," गोबनेट म्हणते.
"आमच्याकडे उन्हाळाच मोठ्याने बोलतो.
ऑगस्टात लाकडाला घाम फुटतो, बाई.
तुमच्या थंडीत बारा वर्षं लागतील,
ते आम्ही पाचात उरकतो."
"उरकतो," ती म्हणते. नुसतं तेवढंच.

मग तिची.
तीनदा चढवून उतरवलेली,
थोडा सातू मोड आलेला, थोडा तसाच कोरा.
जिभेवर येते आणि गप्प.
लोवेल वाट बघतो. पुन्हा एक घोट.
"आहे कुठे ही?"
"गिळ. मग विचार."
आणि तो ब्रेडकडे हात नेतोय एवढ्यात
मागच्या दाराने येतं हिरवं सफरचंद,
ओलं गवत,
शेगडीपाशी टाकलेल्या, अजून न वाळलेल्या
लोकरीच्या स्वेटरची ऊब.

तो बर्फ मागतो.
ती त्याच्याकडे असं बघते,
की तो स्वतःहूनच म्हणतो, "राहू दे."

चौथा, पाचवा. थोडं भांडण.
तुमचा कायदा, ती म्हणते, पिंप दरवेळी नवंकोरं हवं,
एकदा वापरलं की बोटीत घालून आमच्याकडे.
"म्हणजे आमचं उष्टं पिता तुम्ही," तो हसतो.
"तुम्ही जाळ पिता. लाकूड आम्ही पितो."

सहावा पेला ती नळीने थेट पिंपातून काढून आणते.
अकराशे सत्तेचाळीस.
"हे विकायचं नाही. मालक म्हणतो, बिघडलं.
मला आवडतं.
राइस पुडिंगच्या भांड्याची खरवड असते ना,
तळाला चिकटलेली, चमच्याने खरडून काढायची?
मी आणि माझा भाऊ भांडायचो तिच्यासाठी.
हुंग.
तुझ्याकडच्या कुणीतरी पिंप जाळताना
घड्याळ बघितलं नाही."

लोवेल हुंगतो.
पस्तीस सेकंद. पस्तीसला ज्वाला बंद करायची,
हे हाताला ठाऊक असतं, डोक्याला नव्हे.
एकदाच फक्त, ऑक्टोबरात, मंगळवारी,
पिंपाच्या पोटात आग उभी होती
आणि फोरमन दारात, टोपी हातात.
फोरमन कधी टोपी काढत नसे.
लोवेल आगीकडे बघत राहिला,
कारण टोपीकडे बघायचं नव्हतं.
पंचावन्न.
मुलगा सतरा वर्षांचा होता. गाडी उसनी आणलेली.
ते पिंप तसंच पुढे गेलं, पाणी भरून तपासलं, गळलं नाही,
कुणी परत पाठवलं नाही.

हेच ते, असं काही नाही.
तिथे रोज शेकड्यांनी पिंपं जळतात,
आणि हात कुणाचाही चुकतो.
त्याला हे माहीत आहे.
तो दुसरा घोट घेतो. तोंडात धरून ठेवतो.

"पाण्याचा थेंब?" गोबनेट ड्रॉपर उचलते.
"नको."
"कोण असेल रे तो?"
"असेल कुणी," लोवेल म्हणतो. "नवखा असेल."

तीस वर्षं ती नाकावर जगली आहे,
पाणी कुठे मुरतं हे तिला लगेच कळतं.
ती न विचारता त्याच्या पेल्यात थोडं आणखी ओतते,
खुर्ची उचलून त्याच्या उजव्या, बऱ्या कानाशी आणते,
बसते,
आणि काही बोलत नाही.