उजवी बाजू

उणे अठ्ठावीस. तिसऱ्या मजल्यावर हीटर आहे,
पण तो समोरच्या बूटवाल्याला जास्त मानतो.
मी हातमोजे न काढताच खोकी पुसते.
खोक्यांवर लिहिलेलं असतं: सात दिशांचा आवाज,
अमक्या हर्ट्झपासून तमक्या हर्ट्झपर्यंत.
आकड्यांना काय,
बोलायला पैसे पडत नाहीत.

तो आला तेव्हा भुवयांवर बर्फ होतं.
"गेमसाठी हवाय. आणि गाण्यांसाठीही.
ऐंशी हजार तुग्रिकच्या आत."
उलानबातारमध्ये सगळ्यांचं घोडं
इथेच अडतं, या 'आणि'पाशी.

गेमला हवी असतात पावलं.
भिंतीमागे कोणी दबकत चाललं,
तर ते भिंतीमागेच चाललं पाहिजे, डोक्यात नाही.
गाण्याला हवी असते गाणाऱ्याने घेतलेली हवा,
पहिल्या शब्दाच्या जरा आधीची.
ऐंशी हजारात दोन्ही मागणारा
एका तिकिटात दोन गावं मागतो.
पण हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.

लाल दिव्यांचा काढला. "दिवे कशाला?" तो म्हणाला,
"मला तर दिसणार नाहीत."
इथेच मला तो आवडला.
मग एक गुबगुबीत, मग एक घडी होणारा,
मग एक, ज्यात ढोल तेवढा ऐकू येतो
आणि बाकीचे लोक शेजारच्या घरात वाजवतात.
प्रत्येक हेडफोन तो दोनदा लावायचा,
एकदा सुलटा,
एकदा उलटा.

"उजवी बाजू बंद आहे का, बघतोयस?"
"नाही. उजवी माझीच बंद आहे.
चौथ्या वर्षी ताप आला होता,
जाताना घेऊन गेला."

मग पावलं कुठून येतात, कळतं कसं तुला?

"एनेरेल सांगते.
ती चिंगेल्तेईच्या चढावर राहते, अगदी वर,
बाप झोपला की चुलीजवळ बसून खेळते.
'उजवीकडे', म्हणते, मी वळतो.
दोन वर्षं झाली.
तिला वाटतं, माझा हेडफोन बिघडलेला आहे."

मी कळकट फडकं पुन्हा एकदा घडी केलं.
नवा घेतल्यावर तिला काय सांगणार,
हे विचारणं विकणाऱ्याचं काम नाही.

त्याच्या फोनमध्ये एक बटण शोधून दिलं,
फार आत असतं, कोणी जात नाही तिथे:
दोन्ही बाजूंचा आवाज एकात ओतणारं.
साधा काळा हेडफोन, वायरचा, कापडी गाद्यांचा,
त्याच्या कानांवर होता.
त्याने त्याचं नेहमीचं गाणं लावलं,
शाळेच्या वर्गात चार पोरांनी रेकॉर्ड केलेलं,
एक पोरगा त्याचा चुलतभाऊ.

अर्ध्या मिनिटाने त्याने थांबवलं. मागे नेलं.
पुन्हा थांबवलं.
"ही दुसरी गिटार कोणाची?"
"मला काय विचारतोस, गाणं तुझं."
"तो म्हणायचा, मीही वाजवलंय यात.
मला वाटायचं, थापा मारतो."

हेडफोन अडुसष्ट हजार, सुटा माईक नऊ.
हा निवडला, कारण यात बोलणाऱ्याचा आवाज
गोळीबाराच्या वर राहतो.
ते कोणत्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.
तीन हजार परत दिले.
नोटा त्याने मोजल्या नाहीत, हेडफोन काढला नाही,
दोन्ही कान नीट झाकून वर टोपी ओढली.

"उजवा कशाला झाकतोस?"
हे मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन, मोठ्याने विचारलं.
"ऐकत नाही तो," तुगुल्दूर म्हणाला,
"पण गारठतो."

जिन्यावर उजवीकडून एक बाई येत होती,
खांद्यावर बटाट्यांचं पोतं.
"उजवीकडे!" मी ओरडले.
त्याचं गाणं चालू होतं.

बराच वेळ दोघं पायऱ्यांवर बटाटे वेचत होते.
चार बूटवाल्याच्या दुकानात गेले,
हीटरपाशी.